बर्फावरची वाट

मार्चमधली दुपार. आईला कायमची आपल्या घरी न्यायला सिग्रिड विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडल्या त्या बेटावर आली होती. सामान डिकीत होतं, आई शेजारी, मागची सीट रिकामी. बेटाभोवतीचं सरोवर अजून गोठलेलं होतं, आणि पलीकडच्या काठापर्यंतची गाडीवाट दाखवायला बर्फात दरवर्षीसारखी नाताळातली टाकून दिलेली झाडं ओळीनं रोवलेली होती.

बर्फावर कुणी सीटचा पट्टा लावत नाही, काचाही खालीच. बर्फ फुटलाच तर चटकन बाहेर पडता यावं. गाडी बापडी पट्ट्यासाठी टिंग टिंग करत राहिली. नकाशाच्या पडद्यावर निळ्याशार पाण्यात त्यांची गाडी एकटीच तरंगत होती. यंत्राला ही वाट कधी ठाऊकच नव्हती.

"तुझे बाबा या नकाशातून बोलणाऱ्या बाईला मास्तरीणबाई म्हणायचे," आई, आल्मा, म्हणाली. "म्हणायचे, आपली पोरगी न्हाणीघरातसुद्धा हिला विचारून जाईल!"

सिग्रिड हसली. गेल्या मार्चमध्ये बाबा, आर्विड, याच वाटेवर बर्फ फुटून ट्रकसकट खाली गेले होते. ट्रक सापडला. बाबा नाही.

"त्यांना इथं एकटं टाकून मी..." आल्मानं उघड्या काचेतून बर्फाकडे पाहिलं.

धुकं उतरलं. ओल्या पाइनचा वास यायचा, मग झाड दिसायचं. इतका वेळ मुकं असलेलं यंत्र एकाएकी बोललं, "शंभर फुटांवर उजवीकडे वळा."

सिग्रिड केवढ्यानं तरी दचकली. तिनं पत्ता टाकलेलाच नव्हता.

"आई, झाडं तर सरळ चाललीयत..."

"वळ."

"अगं, पण..."

"वळ म्हणते ना!"

ती वळली. डावीकडचं धुकं क्षणभर विरळ झालं. ओळीतली पुढची दोन झाडं काळ्या पाण्यात आडवी तरंगत होती.

चाकं काठाच्या रेतीला लागली तेव्हा सिग्रिडनं गाडी थांबवली. दोघींनी पट्टे लावले. तरी टिंग टिंग थांबेना. मागच्या सीटची खूण लाल होऊन मिणमिणत होती. तिथं कुणीतरी पट्ट्याविना बसलं होतं...

ओल्या लोकरीचा वास आला. सिग्रिडला मागे बघवेना. आल्मानंही मान वळवली नाही. डोळे पुसले, आणि इतकी वर्षं म्हणत आली तशीच, जरा वैतागून, म्हणाली,

"आर्विड, पट्टा लाव."

थोडा वेळ मागे नुसतं पाणी ठिबकत राहिलं. मग खट्... आणि टिंग टिंग थांबली.