सगळ्यात पुढचं छिद्र

चाकं जमिनीवरून सुटली, तोच त्या छोट्या विमानाचं नाक सरळ आभाळाकडे वळलं आणि विमान धावपट्टीशेजारी आदळलं. आत एकटी शिकाऊ वैमानिक होती, मामाची भाची. जीव वाचला, पाय मोडला. विमान शिकवणारी शाळा आता तिचं नाव कमी करणार, म्हणून मामानं बाईंना गळ घातली. बाई खासगी गुप्तहेर आणि मामा त्यांचा मदतनीस, म्हणजे पिशवी धरणारा.

"घाबरली आणि नाक वर करायचा दांडा पोटाशी ओढला," प्रशिक्षक म्हणाले. "तिनंच कबूल केलंय."

बाई मोडक्या विमानात डोकावल्या. सीट रुळावर पार मागे होती, शेवटच्या छिद्रात खिळा घट्ट बसलेला.

"इथून तिचे पाय पेडलपर्यंत पोचतील?"

"छे! एवढीशी तर आहे!" मामा म्हणाला.

मेकॅनिक हात पुसत आला. "सीट आदल्याच दिवशी तपासली होती. मधली छिद्रं साफ करतो, तीच वापरतात. पुढची कोण वापरतंय? ही पोरसुद्धा पाठीशी उशी घेते. त्या दिवशी नव्हती, म्हटलं विसरली असेल."

"उशीराणी!" मामा खो खो हसला. "नाव मीच ठेवलं. अख्खी शाळा तेच म्हणते."

बाईंनी पुढच्या छिद्रात हेअरपिन घातली. वाळक्या मातीचा गोळा निघाला.

संध्याकाळी दवाखान्यात, भाचीच्या खाटेपाशी, बाईंनी सगळ्यांना उभं केलं.

"उशी नाही, म्हणून हिनं सीट पार पुढे ओढली. खिळा मातीवर नुसता टेकला. विमानानं वेग घेतला, सीट मागे घसरली आणि शेवटच्या छिद्रात अडकली. घसरताना माणूस हातात असेल ते धरतो. हिच्या हातात दांडा होता."

"मग घाबरले का म्हणाली?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"नाहीतर उशी का नव्हती, ते सांगावं लागलं असतं."

"कोणी लपवली?" मामा चवताळला.

"कोणी नाही. तिनंच घरी ठेवली. कशापायी, ते तुम्हीच सांगा, मामा."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेकॅनिकची मान खाली गेली.

"नाव कमी होणार नाही," प्रशिक्षक पुटपुटले. "मी खरं काय ते लिहितो."

"नको सर!" भाची कळवळली. "घाबरले असंच लिहा. नाव गेलं तरी चालेल. हे कळलं तर सगळे पुन्हा हसतील." मग मामाचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "तुझ्याबद्दल नाही हं मामा. तू आपला गमतीनं म्हणायचास."

मामाला तिच्याकडे बघवेना.