हेल्दुरची शांतता

हेल्दुर पासिकच्या सातही चित्रपटांचा ध्वनी मी जुळवला. चित्रीकरण झालं की त्या खोलीची मिनिटभर शांतता टेपवर घ्यावी लागते. संवादांमधल्या फटी तिनेच बुजवतात. त्या वेळी आम्ही दिग्दर्शकालाच बाहेर काढायचो, कारण श्वास घेताना हेल्दुरचं नाक बारीक शिटी वाजवायचं.

"घ्या, माझ्याच सिनेमातून मी हद्दपार," तो कुरकुरायचा.

आणि एवढं करून ती शांतता तो वापरायचाच नाही. दर चित्रपटासाठी हिउमा बेटावर एकटा जायचा आणि आपल्या घराच्या जुन्या सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातली, शांतता घेऊन यायचा. राजधानी तालिनचे समीक्षक तिच्यावर लट्टू होते. मला मात्र त्या शांततेत कुणीतरी बसलंय असं वाटायचं. नव्या, आठव्या चित्रपटाच्या टेपवर लाकडावरची टकटक ऐकली, तेव्हा मी त्याला धरलंच.

"ही नाटकं कुणासाठी, हेल्दुर?"

"मी नाही वाजवलं." त्याने कप बाजूला सरकवला. "पहिल्यांदा गेलो तेव्हा पितरांचे दिवस होते. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईने त्यांच्यासाठी सौना तापवून पाणी आणि अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी ठेवली. मी झरोक्यातून माइक सोडला. दार वाऱ्याने आपटत होतं, म्हणून बाहेरून कडी घातली."

त्या दिवसांत आमच्याकडे सौनाला कुणी कडी घालत नाही. आलेल्याला परत जायचं असतं.

"मग काढलीस कधी?"

"त्या सिनेमाला बक्षीस मिळालं, विर्वे."

मला किळस आली. "बापाला कोंडून नाव कमावलंस?"

"तू मानतेस हे?"

"नाही मानत. म्हणूनच उघडू या."

"उघडलं तर माझ्याकडे काय उरेल?" तो म्हणाला. पण माझ्याबरोबर बेटावर आला.

नोव्हेंबरातली दुपार होती, गारठा मरणाचा. गंजलेली कडी मी दगडाने ठोकून काढली. आत काजळी, थंडगार दगड, बसायच्या फळीवर फक्त इतक्या वर्षांपूर्वीची ती जुडी. मी तिला हात लावला. पानं हिरवी होती, ओली होती.

"मला जरा एकट्याला बसू दे," हेल्दुर म्हणाला.

मी विहिरीपाशी थांबले. तो बाहेर आला, दार लोटलं आणि कडी घातली.

"अरे, उघडं राहू दे ना."

"ऊब जाते, पोरी. घे आता रेकॉर्ड. छान येईल."

इतक्या वर्षांत त्याने मला कधी पोरी म्हटलं नव्हतं.

मी झरोक्यातून माइक सोडला, हेडफोन चढवले.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. प्रत्येक श्वासाला बारीक शिटी.

मी वळून पाहिलं. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या नाही.

आतून टकटक झाली.

माझा हात कडीकडे गेला. त्याने हळूच मनगट धरलं. नुकत्याच न्हालेल्या माणसासारखा त्याचा तळवा ओला आणि कोमट होता.