खिडकीपुढची गुलाबी तामण

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलंय. तेही भर दुपारी, लख्ख उन्हात.

तिच्या खिडकीला लागूनच गुलाबी तामणीचं झाड होतं. आधीच्या मालकीणबाईंनी लावलेलं. त्या वारल्या आणि घर मावशीने घेतलं.

माळीकाका म्हणाले होते, "ताई, बारीक फांद्या तेवढ्या छाटा. नव्या फुटीलाच फूल येतं. जाड खोडांना करवत नको. बाईंनी कधी लावू दिली नाही."

मावशी कुणाचं ऐकेल तर शपथ! "मला घरात उजेड नको का?" म्हणत तिने पानगळीत सगळी खोडं खांद्याच्या उंचीवर कापून टाकली.

उन्हाळ्यात प्रत्येक खोडाला झुबकाभर फांद्या फुटल्या. फुलांच्या भाराने वाकून खिडकीवर आल्या. घरात आधीपेक्षा जास्त अंधार.

त्या दुपारी मावशीची तान्ही लेक बाहेर त्याच झाडाच्या सावलीत बाबागाडीत झोपली होती. मावशी बाटली आणायला आत गेली.

मागे दार लागलं.

वारा नव्हता...

कडी सरकत होती. दार मात्र हलेना. मागचं दारही तसंच. खिडक्यांना गज.

आणि बाहेरून आवाज आला...

कच्... कच्...

कात्रीचा.

"माळीकाका? अहो, जरा दार ढकला!"

नुसतं कच्... कच्...

तिने गजांतून हात घालून फांद्या सारल्या. बाबागाडीवर गुलाबी फुलांचा थर साचत होता. लेकीचा आवाज नाही. जवळपास कुणीच नाही.

मावशी गज धरून ओरडली,

"बाई, चुकलं माझं! माझ्या बाळाला हात लावू नका हो!"

कात्री थांबली. दार आपोआप उघडलं.

लेक फुलांखाली हसत होती. अंगावर ओरखडा नाही. फक्त...

हातापायांची सगळी नखं कापलेली. अगदी व्यवस्थित.

माळीकाका त्या दिवशी गावातच नव्हते.

मावशीने घर सोडलं. तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली, साधी कुंडीसुद्धा ठेवली नाही. मला वाटलं, सुटली बिचारी.

परवा तिच्याकडे गेलो होतो. लेक आता शाळेत जाते. मी सहज विचारलं, "मावशी, नेलकटर आहे का गं?"

तिचा चेहराच उतरला.

"आमच्याकडे लागतच नाही रे. हिची नखं कापलेलीच असतात. कुठेही राहिलो तरी..."

तिने लेकीला जवळ ओढलं.

"आणि काल हिच्या वेणीचं टोक कापलेलं होतं."