डावी सीट

धाकट्याने नवी सेडान आणली त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं गॅरेजात हात काळे केलेल्या माणसाने गाडीवरून जळावं, लाजच आहे.

"दादा, दोन्ही शेजारी लाव आणि खरं खरं सांग," तो म्हणाला.

लावल्या. माझी, म्हणजे मूळची बाबांची, जाड पत्र्याची. दार लावलं की धप्प आवाज येतो. त्याची गुळगुळीत, आत नुसते दिवे. दार लागलं तरी कळत नाही. इंजिन त्याचं सरस, ब्रेकही त्याचे सरस. मी म्हणालो, "पत्रा अगदीच पातळ आहे रे." तो हसला.

पण माझ्या गाडीत एक गोष्ट होती, ती त्याच्याकडे नव्हती. बाबा मोटार शिकवायचे, त्याच गाडीवर. त्यांची जागा कायम डावीकडची. शिकणाऱ्याने आधी डावं दार उघडायचं, त्यांना बसवायचं, मग आपण बसायचं, हा नियम. ते जाऊन तीन वर्षं झाली तरी मी रोज दार उघडायचो, "बसा बाबा" म्हणायचो, आणि सीटची स्प्रिंग हलकेच करकरायची. कुणाला बोललो नाही. हसतील म्हणून नव्हे, धाकट्याला वाटा द्यावा लागेल म्हणून.

नवी गाडी आली आणि स्प्रिंग गप्प झाली. चार दिवस मी दार उघडून खुळ्यासारखा उभा राहिलो.

पाचव्या दिवशी सकाळी धाकटा गॅरेजात आला. "दादा, शेजारी कुणी नसलं तरी पट्टा लावा म्हणून वाजत राहतं. डोकं उठलंय नुसतं."

नव्या गाड्यांत सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. मी सीट काढली, वायर तपासली, सेन्सर बदलला. सगळं ठणठणीत. सीट बसवून चावी फिरवली, तर पुन्हा टिंग टिंग टिंग.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारपणात पाठ चोळायला मी, रात्रंदिवस उशाशी मी, आणि मऊ सीट दिसताच हे तिकडे!

"जा, चहा पिऊन ये," मी धाकट्याला पिटाळलं.

त्याच्या गाडीचं डावं दार उघडलं. शेजारच्या माझ्या गाडीचंही उघडलं. राग एवढा होता की बाबा म्हणायला जीभ वळेना. नुसतंच म्हणालो, "बसा."

टिंग टिंग थांबलं.

माझ्या गाडीची स्प्रिंग करकरली.

काय सांगू किती बरं वाटलं! धाकटा त्याची गाडी घेऊन गेला. मीही चक्कर मारायला निघालो. डावीकडे बघितलं नाही. शिकवणाऱ्याकडे बघत गाडी चालवलेली बाबांना खपायची नाही. मनात उकळ्या फुटत होत्या.

फोन वाजला. गाडी कडेला घेतली.

"दादा, पुढचं बंद झालं बघ. पण आता मागच्या सीटचा पट्टा वाजतोय. मागे कुणीच नाहीये रे."

म्हणजे बाबा तिकडेच होते.

"दादा? ऐकतोयस ना?"

बाबा शेवटी वाळून चाळीस किलोंचे राहिले होते. माझ्या शेजारची सीट पार तळाला टेकली होती, आणि गाडी डावीकडे कलली होती.