सगळ्यांच्या आधी हसणारी

"मावशी, डोळे चांगले असलेल्या माणसालाही हे मिळतं का?"

प्रश्न तिच्या तोंडून आला खरा, पण तो तिचा नव्हता. तो होता खांबाआड तोंडावर हात दाबून उभ्या असलेल्या तिच्या दोन मैत्रिणींचा. "दवाखान्यात फोनवर बोलतेस तेवढंच गं तू! परक्या माणसाला स्वतःहून एक तरी प्रश्न विचारून दाखव, नाहीतर आम्ही परत कधी नाटकाला येणार नाही," अशी पैज लागली होती. तशाही त्या परत येणार नव्हत्याच, पण ते तिला तेव्हा कुठे ठाऊक!

नाट्यगृहाच्या दाराशी, छत्र्या-पिशव्या ठेवायच्या खिडकीत मावशी बसत. त्यांच्यापुढे एक पत्र्याचा डबा असे आणि डब्यात कानात घालायची दहा छोटी यंत्रं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. शेवटच्या रांगेच्याही मागे, उंचावर, एक काचेची खोली होती. तिथे बसून कुणीतरी हलक्या आवाजात सांगत राही, रंगमंचावर कोण आलं, कोण गेलं, कुणी तोंड फिरवून डोळे पुसले.

मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मिळत नाही असं कुठे लिहिलंय? वहीत अंधांच्या कार्डाचा नंबर लिहावा लागतो, तो तुझ्याकडे नाही. म्हणजे तू वहीत नाहीस, एवढंच. दहाच्या दहा इथेच तर पडून असतात. घे. कान स्वच्छ आहेत ना?"

मैत्रिणी खांबाआड अक्षरशः खाली बसल्या हसून.

ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर काम करायची. आतल्या खुर्चीत दिवसभर माणसं आ वासून पडलेली असत, बाहेर तिच्याशी तोंड उघडून बोलायला मात्र कुणी नसे. घरी आई-बाबा होते, मायेचे होते, पण जेवताना तिघांच्या मध्ये टीव्ही बोलायचा. म्हणून की काय, तिला नाटकाचं वेड! दर गुरुवारी पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. शनिवारी दवाखाना दोनला सुटला की थेट तिकीटखिडकी. "एक," ती म्हणायची... तेही असं हळू, की जणू काही चोरी करतेय. सातवी रांग, कडेची खुर्ची. मध्यंतरात कॉफी आणि क्रीमच्या केकचा एक तुकडा. एकटीने खाल्लेला केक फार लवकर संपतो, हे तिला चांगलंच माहीत होतं.

त्या दिवशी दिवे मंदावले, तिने केसांखाली ते यंत्र कानात सरकवलं आणि —

"पडदा वर जातो," कुणीतरी अगदी जवळून म्हणालं. आवाज किंचित घोगरा, पण मऊ. "खोली. डावीकडे खिडकी, खिडकीत कुंडी. कुंडीत रोप नाही, नुसती माती. तरी बाई तिला पाणी घालतेय."

ती दचकलीच. हे नाटक तिने आधी दोनदा पाहिलं होतं. कुंडी रिकामी आहे हे तिला एकदाही दिसलं नव्हतं!

मध्यंतरात मैत्रिणी "आलोच गं" म्हणून ज्या गेल्या, त्या गेल्याच. पण शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या असूनही त्या दिवशी तिला पहिल्यांदाच तसं वाटलं नाही.

मग काय! पुढचे चार महिने, दर शनिवारी, केकमधला अर्धा तुकडा मावशींना आणि यंत्र तिच्या कानाला. आवाजाचा मालक कोण, कसा दिसतो, तिने कधी विचारलं नाही. विचारलं आणि काही भलतंच निघालं तर? मावशी मात्र न विचारता सांगत. "पोरगा मान खाली घालून वर जातो, मान खाली घालून येतो. वर जाताना तेवढं विचारतो, 'मावशी, आज किती?' मी वही बघून सांगते. बहुतेकदा शून्य."

"शून्य असलं तरी बोलतो?"

"बोलावंच लागतं. कुणी उशिरा आलं तर?"

*

आणि मग आली ती तीन दिवसांची सलग सुट्टी. शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस, तीन वेगळी नाटकं! आई-बाबा मामाचं नवं घर बघायला निघाले होते.

"तीन दिवस एकटी काय करणार आहेस?" आई बॅगेवर बसून चेन ओढत म्हणाली.

"नाटकं बघणार."

"ती तू नेहमीच बघतेस. मामेभावंडं तुझं तोंड विसरली."

पण ती थांबलीच.

शनिवारचं नाटक म्हणजे नुसता धमाल गोंधळ होता. पहिला प्रवेश संपला, अंधार झाला, रंगमंचावर सामान सरकवल्याचे आवाज आले. एरवी आवाज अशा वेळी गप्प बसायचा. आज तो बोलला.

"अंधार आहे. सोफा हलवताहेत. कुणीच ऐकत नाहीये, तर... एक सांगू का? — घ्या! विचारतोय कुणाला मी!"

ती खुर्चीत ताठ झाली.

"सातव्या रांगेतली कडेची मुलगी आलीय आज. हिरवा चिमटा लावलाय."

तिचा हात आपोआप केसांकडे गेला... आणि वाटेतच थिजला. हलायचं नाही!

"चार महिने बघतोय. विनोद व्हायच्या आधी हसते ती. सगळं नाट्यगृह हसतं ना, त्याच्या एक श्वास आधी तिचे खांदे हलतात. नाटक इतकं आतून कळणारं माणूस मी पाहिलं नाही. तोंड तर तिचंही पाहिलेलं नाही म्हणा, पाठच बघतो नुसती... दिवे. बैठकीची खोली. साहेब सोफ्याखाली लपलेत, पाय बाहेर आहेत. बायको त्यांना अडखळते."

ती फस्सकन हसली. मग रंगमंचावर साहेबांची बायको पायांना अडखळली आणि सगळं नाट्यगृह हसलं.

तिचं हसू जागच्या जागी विरलं.

साधी गोष्ट होती. नटांच्या बोलण्यावर आपलं बोलणं पडू नये म्हणून तो जे व्हायचंय ते क्षणभर आधी सांगायचा. तो सांगायचा, ती हसायची. तिला आधी काही म्हणजे काही कळत नव्हतं! ज्या हसण्यावर तो भाळला होता, ते त्यानेच तिच्या कानात ठेवलेलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी आवडली होती. आणि आवडली होती तेही जे तिचं नव्हतंच त्यासाठी.

*

रविवारी मध्यंतरात ती उंच टेबलापाशी केक घेऊन उभी होती. शेजारी कुणीतरी म्हणालं, "कॉफी. साखर कमी."

तीनच शब्द. पण तिने काटाचमचा तसाच खाली ठेवला. तिने वळून पाहिलं. सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि बोलताना भुवया वर नेणारा... हा होता तो? हाच!

तोही बघत होता. अडखळत होता.

"माफ करा हं... तुम्ही जरा — जरा पाठ फिरवता का?"

"काय?"

"नाही, म्हणजे तसं नाही! मी तुम्हाला मागूनच ओळखतो. समोरून खात्री होत नाहीये."

तिला हसू फुटलं. ती सरळ पाठमोरी झाली.

"त्याच तुम्ही!" तो इतक्या आनंदाने म्हणाला, की कॉफीवाल्यानेही वळून पाहिलं. "सातवी रांग. मी वर त्या काचेत असतो. एक विचारू? विनोद तुम्हाला आधी कसा कळतो हो?"

हीच वेळ होती. आत्ता म्हणायचं, 'तुम्हीच सांगता.' दोन शब्द!

"लहानपणापासून नाटकं बघते ना," ती म्हणाली. "अंदाज येतो."

त्याने अशा काही आदराने पाहिलं, की तिने नजर केककडे वळवली.

"वाटलंच मला. घ्या ना केक, थांबलात का?"

"तुम्हीही घ्या. अर्धा."

"अर्धा? मग तर दोन काटे हवेत." त्याने दुसरा काटाचमचा आणला, आणि तो एवढासा तुकडा दोघांनी दहा मिनिटं पुरवला. जगात सगळ्यात हळू संपलेला केक तो!

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "उद्या बहुतेक माझा शेवटचा दिवस."

"शेवटचा?"

"दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय. तिथे निदान किती जणांनी ऐकलं ते कळतं. इथे वर्षभर अंधाराशी बोलतोय मी. कधी कुणी यंत्र नेलंच तर खाली देऊन निघून जातं. एकच माणूस... एकच जण वर येऊन 'ऐकलं' म्हणाला असता ना, तरी..."

"तरी काय?"

"तरी नकार कळवला असता."

घंटा झाली. लोक आत सरकले. तिने तोंड उघडलं... आणि तिच्या डोळ्यांपुढे त्याची ती आदराची नजर आली. सांगितलं की ती नजर गेली. मग उरणार कोण? एक तिकीट काढणारी, केक खाणारी, कुणीही.

"शुभेच्छा," ती म्हणाली.

शुभेच्छा! घरी आल्यावर तिने स्वतःला आरशात मनसोक्त शिव्या दिल्या. घर रिकामं होतं. टीव्ही बंद होता. खुर्च्यांवर वाळलेले कपडे पसरले होते. "ऐकलं," ती फ्रिजला म्हणाली. मग मोठ्याने, "ऐकलं!" फ्रिज घूं घूं करत राहिला. किती सोपं होतं म्हणायला. आणि हे असं कुणी न ऐकता बोलत राहणं... एका मिनिटात तिचा जीव गुदमरला. त्याने वर्षभर केलं होतं.

*

सोमवारी तिने यंत्र घेतलं, पण कानात घातलं नाही. मुठीत ठेवलं. नाटक आपल्या डोळ्यांनी पाहिलं. लोक हसले तेव्हा हसली. दोनदा तर लोकांचं हसून झाल्यावर तिला कळलं. कान फार ओका ओका वाटत होता.

पडदा पडला आणि ती लाकडी जिना चढून वर गेली. तो वायर गुंडाळत होता.

"बरं नाही का आज?" त्याने विचारलं. "सगळ्यांबरोबर हसलात. दोनदा तर मागाहून."

तिने मूठ उघडली.

तो त्या यंत्राकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग पुन्हा यंत्राकडे.

"शनिवारी... हे कानात होतं?"

"चार महिने होतं."

"हिरवा चिमटा?"

"ऐकलं."

"पाठ बघतो, ते?"

"तेही."

"अरे देवा!" तो खुर्चीत बसला. कान लालबुंद. "थांब. म्हणजे तू हसायचीस ते..."

"तू सांगायचास म्हणून. मला आधी काही कळत नाही रे. आज बघितलंस ना? मला सगळ्यांच्या नंतर कळतं." एकदा बोलायला लागल्यावर ती थांबेना. "काल खोटं बोलले. वाटलं, खरं कळलं तर तुला मी आवडणार नाही."

काचेपलीकडे सफाईवाला रांगा झाडत होता. एकेक खुर्ची खटकन मिटत होती.

"तू वेडी आहेस," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, नाटक कळणारी कुणीतरी मोठी जाणकार आहे, आपण कोण तिच्यापुढे. आणि तू तर... मी बोललो म्हणून हसत होतीस. माझ्या बोलण्यावर! हे त्याच्यापेक्षा किती... आता जाणं जास्त कठीण केलंस ना?"

"नको जाऊस मग."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

"काल संध्याकाळी होकार कळवला. त्यांनी माझ्या भरवशावर दुसऱ्या मुलाला नाही म्हणून सांगितलंय. सकाळची गाडी आहे."

काल. मध्यंतरातले दोन शब्द. तिला वाटलं आपण रडणार, पण ती रडली नाही. त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"शनिवारपासून इथे कोण?"

"कुणी नाही. कुलूप."

"मला दाखव," ती म्हणाली, "कसं बोलायचं ते."

त्याने भुवया वर नेल्या. मग माइक तिच्याकडे वळवला, यंत्र स्वतःच्या कानात घातलं आणि जिना उतरून थेट सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीत जाऊन बसला. पाठमोरा.

तिने घसा खाकरला.

"रंगमंच रिकामा आहे," ती बोलली. "झाडूवाला उजवीकडे आहे. सातव्या रांगेत एक मुलगा बसलाय. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय. तो... उद्या जाणार आहे. तो मला खूप आवडतो."

खाली त्याचे खांदे हलले. हसत होता की काय होतं, पाठीवरून तिला कळलं नाही.

*

आई-बाबा त्याच संध्याकाळी साडेसातला आले. आईने मामीने दिलेले डबे टेबलावर मांडले, बाबांनी बसल्या बसल्या टीव्हीचा रिमोट शोधला. तो तिच्या हातात होता.

"आई, बाबा, मला बोलायचंय."

"बोल की. आधी ते लाव," बाबा म्हणाले.

"नाही. आधी मी." तिचं तिलाच नवल वाटलं. "शनिवारपासून मी नाट्यगृहात काम करणार. वरच्या काचेच्या खोलीतून, ज्यांना दिसत नाही त्यांना नाटक सांगायचं. तिथल्या साहेबांना आत्ताच भेटून आले. महिनाभर बघू म्हणालेत. तयारीसाठी सकाळपासून जावं लागेल, म्हणून डॉक्टरांना फोन करून शनिवारची सुट्टी मागितलीय, पगार कापा म्हटलं."

आईच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "अगं, चार माणसांत तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही! आणि कुणी येतं का ते ऐकायला?"

"फारसं नाही."

"मग कुणीच आलं नाही तर?" बाबांनी विचारलं.

"तरी मी बोलणार आहे, बाबा," ती म्हणाली. "दर शनिवारी, दर रविवारी. ठरलंय माझं."