न बुजवलेला खड्डा

लाकडं बास झाली, आता बसा. उद्या सकाळी तुम्ही पहिल्यांदा डोंगरात खणायला उतरणार, आणि सगळेच समुद्राकडचे, म्हणून लीलंडची गोष्ट आजच सांगून टाकतो. जेवणं झाली ना सगळ्यांची? बरं झालं. नंतर घास गेला नसता.

लीलंड पर्नेल माझ्या चांगल्या ओळखीचा. ओशन सिटीच्या वाळूत तीस वर्षं धातू शोधायचा डिटेक्टर फिरवलेला माणूस. लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधून ज्याच्या त्याला नेऊन द्यायचा, मनानं वाईट नव्हता. पण सवयी घाणेरड्या. एक म्हणजे खड्डा कधी बुजवायचा नाही. म्हणायचा, "भरती येईल की बुजवायला. तिला दुसरं काम काय?" दुसरी सवय, सापडलेली वस्तू तोंडात धरायची. कमरेएवढ्या पाण्यात लाटा आपटत असतात, खिशापर्यंत हात नेईस्तोवर अंगठी निसटते, म्हणून सरळ गालफडात टाकायची. कुठल्या कोण माणसाच्या बोटातली, वर्षभर खाली कुजलेली... शी! किती वेळा सांगितलं त्याला. जित्याची खोड ती.

दोन हजार एकोणीसच्या शरद ऋतूत धुपलेल्या किनाऱ्यावर नवी वाळू आणून ओतली आणि जुनं सगळं तिच्याखाली गाडलं गेलं. महिनाभर लीलंडला बाटल्यांची झाकणंच मिळत होती. मला, म्हणजे ह्या रसला, म्हणाला, "रस, एकदा डोंगरात जाऊ दे. सैनिकाच्या कोटाचं एक बटण मिळू दे, मग मेलो तरी चालेल." असलं बोलणं तोंडातून काढू नये माणसानं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑडी हेव्हनरबाई माझ्या ओळखीच्या. त्यांच्या उतारावर अठराशे एकसष्टच्या हिवाळ्यात, यादवी युद्धात, सैन्याची छावणी पडली होती. तिथं गोळीनं मेले त्यापेक्षा हगवणीनं जास्त मेले. बाईंची परवानगी मीच काढून दिली. माझा गुडघा धरला होता, म्हणून नऊ नोव्हेंबरला, शनिवारी, लीलंड एकटाच गेला. बाईंनी त्याला बिस्किट आणि सॉसेज खाऊ घातलं आणि फाटकापर्यंत आल्या.

"हवं तिथं खण, लेका. एकच अट. खणशील तो खड्डा बुजवायचा. गवताची ढेप पुन्हा बसवायची आणि वरून हातानं थोपटायची."

"गाईंचे पाय मोडतात म्हणून ना?" लीलंडनं हसून विचारलं.

"गाईंचेही मोडतात," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

दिवसभर त्याचे हाल झाले. सगळा उतार दगडांचा, मुळं मनगटाएवढी, आणि वाळूसाठी केलेलं जाळीचं फावडं तिथं काय कामाचं? घोड्याचे नाल आणि गंजके खिळे सोडून काही नाही. चार वाजून गेल्यावर एका खळग्यात हेडफोनमध्ये स्वच्छ आवाज आला. गरुडाचा छाप असलेलं सैनिकी बटण! त्याच्या वितीवर दुसरं. मग तिसरं, त्याच रेषेत.

आता नीट ऐका. ओळीनं बटणं लागली की तो कोट असतो, आणि कोट एकटा जमिनीत जात नाही. हात काढायचा, माती लोटायची, मालकाला सांगायचं. निघताना मी लीलंडला हे बजावलं होतं. त्याला कळलं नाही असं नाही. हाव सुटली.

खाली पिवळी चिकणमाती होती, आणि चिकणमाती माणसाला लवकर सोडत नाही. मेणासारखं पांढरं, बुळबुळीत काहीतरी त्याच्या हाताला लागलं. सडलेल्या चरबीचा वास सुटला. त्यानं तो गोळा जाळीच्या फावड्यात घेतला आणि वाळू चाळतात तसा हलवला... माणसाला! बटणं निघाली सात. सहा डब्यात गेली. सातवं निसटायला लागलं, हात तर बरबटलेले. आणि ह्या गृहस्थानं ते तसंच गालफडात टाकलं.

अंधार पडला होता, घर सहा तासांवर. "उद्या पाऊस आहे, माती आपोआप बसेल," असं स्वतःशीच म्हणून तो निघाला. खड्डा उघडा ठेवून.

रविवारी त्याची बायको आर्डिथ हिनं खेकड्याच्या वड्या तळल्या. पहिल्याच घासाला लीलंडनं तोंड वाकडं केलं.

"मातीची चव लागतेय."

"तीस वर्षं माझ्या हातचं गिळतोयस, आज चव कळली होय रे?"

पण खरंच त्याच्यानं खाववेना. सोमवारी सकाळी आर्डिथला त्याच्या उशीवर माती दिसली. पिवळी, चिकण. आमच्या किनाऱ्यावर शोधून सापडायची नाही तसली. लीलंडला तोंड उघडं टाकून घोरायची सवय होती. दातांच्या फटीत माती, जिभेखाली माती. बेसिनवर चूळ भरून त्यानं ती वाहवून टाकली. मंगळवारी चमचाभर निघाली. बुधवारी मूठभर. गुरुवारी पहाटे श्वास कोंडून तो उठून बसला, डोळे पांढरे झालेले, आणि आर्डिथनं बोटं घालून घशातून माती काढली. तीत बारीक मुळं होती. तीही बेसिनमध्येच गेली.

गुरुवारी रात्री आर्डिथ दिवा लावून जागी बसली. तीन वाजता लीलंडचं तोंड उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. दार बंद, खिडकी बंद. तरी तोंड भरत होतं... हळूहळू... आणि भरल्यावर त्याच्या गालावर खळगा पडला. भरून आला. पुन्हा पडला. कुणीतरी तळहातानं थोपटत असल्यासारखा.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं मला फोन केला. थोपटण्याचं ऐकताच मी तिला तिथंच थांबवलं.

"लीलंडला दे," म्हटलं. "लीलंड, खरं सांग. खड्डा बुजवलास?"

तो पावसाचं काहीतरी पुटपुटला.

"गाढवा! मग तो कोटवाला आता उघडा दिसेल तो खड्डा बुजवतोय, तुझं तोंडसुद्धा. आत्ता नीघ. बटणं घेऊन जा. आणि पोहोचेपर्यंत डोळा लागू देऊ नकोस."

गाडी आर्डिथनं चालवली. पाच दिवसांचा उपाशी माणूस, मान सारखी कलंडायची. ती एका हातानं त्याला चिमटे काढत होती.

"झोपलास तर इथंच उतरवीन बघ! गाणं म्हण काहीतरी."

"तोंड उघडायची भीती वाटते गं," तो म्हणाला.

ती चिमटे काढत राहिली.

रात्री दोन चाळीसला ते उतारावर पोहोचले. सोळा नोव्हेंबर लागला होता. गवतावर हिव पडलेलं. आठवडाभर पाऊस झाला होता, पण खड्ड्यात पाण्याचा थेंब नव्हता. पाऊस तिथं शिरलाच नव्हता. शेजारी मातीचा ढीग अजून होता.

लीलंड गुडघ्यांवर बसला. सातही बटणं होती तशी ओळीनं ठेवली. माती लोटली. दोघांनी हातांनीच लोटली. ढीग संपला.

खड्डा भरला नव्हता.

पुरलेल्याच्या डोक्याच्या बाजूला थोडी जागा उरली होती. फार नाही. तोंडाएवढी.

आर्डिथनं टॉर्च फिरवला. आजूबाजूला मातीचा कण नव्हता. उरलेली माती कुठं गेली ते दोघांनाही एकदमच कळलं... रोज सकाळी, बेसिनमधून...

"दुसरीकडची घे," ती म्हणाली.

"तिथं नवा खड्डा होईल गं. मग तो कशानं बुजवायचा?"

वारा नव्हता. कुठं कुत्रं भुंकत नव्हतं. लीलंडच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, आणि ओठ... ओठ उघडत होते. आर्डिथनं त्याच्या थोबाडीत मारली. मग ती गाडीकडे धावली. मागे त्याची बादली होती, तळाशी समुद्राची वाळू. नेहमीची, कधीच न धुतलेली. तीच आणली. ओतली. काठोकाठ भरली. ढेप बसवली. लीलंडनं थोपटलं. एकदा. दोनदा. तीनदा.

मग हात उचलला.

थोपटणं थांबलं नाही.

खालून...

ते दोघं गाडीत कसे बसले ते त्यांना आजही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून माती यायची थांबली. लीलंड खायला लागला, अंगानं भरला. डिटेक्टर त्यानं विकून टाकला. जबडा मात्र फडक्यानं बांधून झोपतो, आणि आर्डिथ रोज रात्री गाठ तपासते. पाहुणे हसतात. ती हसत नाही.

मार्चमध्ये हेव्हनरबाईंचा मला फोन आला.

"रस, तुझ्या त्या माणसाचा खड्डा पुन्हा उघडा पडतोय रे. रोज थोडा थोडा."

"कोल्ह्यानं उकरला असेल, बाई."

"काल रात्री बर्फ पडलं. चहूकडे एक पाऊल नाही. सकाळी बघते तर खड्ड्याच्या काठाशी वाळूचा गोळा. रोज एक असतो. ओला."

"ओला म्हणजे?"



"थुंकलेला," बाई म्हणाल्या. "दातांचे ठसे आहेत त्यावर."