हळदीची डिस्क

चिखलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रेकॉर्डिंगचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध माईक. ऑटोवर भोंगा लावून गावात जे ओरडत फिरतात ना, कांद्याचं रोप आलं, साड्यांचा सेल लागला, अमक्याची म्हैस हरवली, ते बहुतेक सगळं इथं तयार होतं. खंडेनवमीच्या दिवशी शेखर सकाळी सातलाच तिथं गेला. डिस्कचं थोडं काम आहे, असं घरी सांगून गेला.

काम होतंच. पण कसलं ते मी सांगतो. मेलेल्या माणसाचा आवाज पुसायला गेला होता तो.

दुकान मुळात जीवनचं. जीवन भोंग्यावर बोलायला लागला की पोळ्या करणारी बाईसुद्धा गॅस बारीक करून ऐकायची, असा त्याचा आवाज. शेखर पाच वर्षं त्याच्या हाताखाली होता. जीवनच्या बायकोला, अनुपमाला, वहिनी म्हणायचा, आणि ती त्याला शेखरभाऊ. मग जीवनला डेंगू झाला आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. दीड वर्षानं दोन्ही घरच्या मोठ्यांनी बसून ठरवलं आणि शेखरचं अनुपमाशी लग्न लागलं. गाव म्हणालं, नशीब काढलं पोट्ट्यानं. बायको मिळाली, दुकानही मिळालं.

कसलं नशीब. अनुपमा शेखरला कधी 'अहो' म्हणाली नाही. काही सांगायचं असलं की जवळ येऊन उभी राहायची, नाहीतर 'ऐकलं का' म्हणायची. जीवनला ती मारायची ती 'अहो'ची हाक शेखरनं बाहेरच्या खोलीत बसून पाच वर्षं ऐकली होती. तेवढी एक हाक आपल्या वाट्याला यावी, एवढंच त्याचं मागणं होतं. फार नव्हतं हो.

आणि रोज दुपारी, तो जेवायला घरी गेला की ती दुकानात येऊन बसायची. तो परत यायचा तर ही हेडफोन लावून, डोळे मिटून. त्याची चाहूल लागली की हेडफोन काढून ठेवायची.

"कोण बोलून राह्यलं?" तो विचारायचा.

"कोणी नाही," ती म्हणायची.

तो मान हलवायचा आणि मूग गिळून कामाला लागायचा. आत मात्र नुसता जळायचा. जिवंत माणूस असता तर भांडता आलं असतं, कॉलर धरता आली असती. मेलेल्याची कॉलर कुठून धरणार?

त्यात गिऱ्हाइकं. नवरात्र बसायच्या आधी हिवरा आश्रमाकडचे अर्जुनराव आले होते, रोपवाटिकावाले. जाहिरात करून दे म्हणाले, पण जीवनची जुनी वाक्यं कापून, जोडून. "तुह्या आवाजाले लोकं दाराबाहेर येत नाहीत बे," असं तोंडावर म्हणाले आणि वर हसले. शेखर रात्रभर जीवनची वाक्यं कापत बसला. एवढं चिरूनही तो माणूस मरत नव्हता. त्याच रात्री शेखरनं ठरवलं.

आता मशीनचं सांगतो, सोपं आहे. ते लिनक्सवर चालायचं, हुकूम टाईप करून. आत दोन हार्डडिस्का, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच मापाच्या. वावरात धुरे-बांध घालून तुकडे पाडावे तसे जीवननं दोन्हीत सारखे कप्पे पाडले होते. एक मशीनच्या कामाला, एक त्याच्या रेकॉर्डिंगला. उरलेल्या जागेत पुढं शेखरनं आपल्या नावाचा कप्पा पाडला. आणि दोन्ही डिस्का मिररला लावलेल्या. म्हणजे एकीवर लिहिलं की तेच्या ते दुसरीवर उमटणार. एक बंद पडली तरी दुसरी सगळं घेऊन चालू. "एक गेला तरी दुसरा बोलतच राह्यते," असं जीवन म्हणायचा. डिस्कांबद्दल म्हणायचा.

डिस्का ओळखायला त्यानं चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. दर खंडेनवमीला मशीन उघडून तो एकीला कुंकवाचं बोट लावायचा, दुसरीला हळदीचं. त्याच्यामागं शेखरनंही तीच रीत चालवली. अनुपमाला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

त्या सकाळी शेखरनं मिरर सोडवला. हळदीच्या डिस्कवरचे धुरे मोडले, आपल्या नावाचा मोठा कप्पा केला आणि मशीनला लागतं तेवढं आणि आपली रेकॉर्डिंगं त्या डिस्कवर आणली. जीवनचं काही आणलं नाही. आता एकच राहिलं होतं. मशीन हळदीच्या डिस्कवर चालू करायचं, कुंकवाची डिस्क जोडीला लावायची आणि सिंकचा हुकूम द्यायचा. हळदीवरचं कुंकवावर उतरणार. तीन तासांत जीवन दोन्हीकडून गेला असता. अनुपमाला सांगायचं, डिस्क खराब झाली. वाईट वाटायला हवं होतं त्याला. नाही वाटलं. पोटात गार वाटलं.

वायरी बदलायला दोन्ही डिस्का काढून टेबलावर ठेवल्या, तेवढ्यात अनुपमाचा फोन आला. आंघोळ करून घ्या, पूजा मी करून येते, म्हणाली. बिनआंघोळीचा अवजारांना हात लावत बसला आहे हे ती खपवून घेणार नव्हती. तो घरी गेला. परत आला तेव्हा ती पूजा करून नैवेद्याच्या स्वयंपाकाला निघून गेली होती.

माईक, मिक्सर, कीबोर्ड टेबलावर ओळीनं मांडले होते आणि त्यांच्या शेवटी दोन्ही डिस्का. प्रत्येकीवर हळद, प्रत्येकीवर कुंकू, अक्षता आणि एकेक झेंडूचं फूल. खोलीभर उदबत्तीचा वास होता.

शेखरनं बोटानं खरवडून पाहिलं. जुना रंग ओल्या कुंकवात भिजून दोन्हीकडं सारखाच नारिंगी झाला होता. अनुपमाला विचारावं तर काय विचारणार, आणि काऊन विचारता म्हणाली तर काय सांगणार? अरे, एकेक लावून आत काय आहे ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. पण जळणाऱ्या माणसाला कुठला एवढा धीर. शिवाय त्या दिवशी पूजा उठेपर्यंत अवजाराला हात लावत नाहीत, आणि दोन वाजता ती नैवेद्य घेऊन येणार होती, त्याच्या आत उरकायचं होतं. डावीकडची हळदीची, असं त्यानं मनाशी धरलं, फुलं उचलून ठेवली, डिस्का लावल्या आणि हुकूम दिला. तेव्हा अकरा वाजले होते.

बाजार बंद, गल्ली सामसूम. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. आत फक्त डिस्कांची खरखर. एक टक्का… दोन टक्के… शेखर बाकड्यावर बसून आकडा बघत होता.

साठ टक्क्यांवर कोणीतरी घसा खाकरला.

दोनदा. आतल्या खोलीतून नाही, टेबलावरच्या स्पीकरमधून. मग हळू आवाजात, "एक… दोन…"

रेकॉर्डिंगच्या आधी जीवन असंच करायचा. शेखरनं वाकून बघितलं. स्पीकरचा प्लग सॉकेटमधून काढलेला होता, पूजेला त्यानंच काढला होता. 'कोण आहे' असं विचारायला त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला… पुन्हा हवा. सिंक थांबवायचं सुचलं, पण हात कीबोर्डपर्यंत जाईनात. तो तसाच बसून राहिला. आकडा चढत गेला.

शंभर टक्के झाले तेव्हा त्याला चूक कळली. सकाळी पाडलेला त्याच्या नावाचा मोठा कप्पाच नव्हता. कुंकवावरचं हळदीवर उतरलं होतं. म्हणजे जीवन दोन्हीकडं शाबूत. इथवर सगळं समजण्यासारखं होतं.

पण कुंकवाच्या डिस्कवर शेखरचा जो आधीचा कप्पा होता, तोही नव्हता. त्याची सगळी रेकॉर्डिंगं जीवनच्या कप्प्यात जाऊन बसली होती. त्यानं प्लग लावला आणि म्हैस हरवल्याची जाहिरात उघडली. मध्ये एका शब्दावर तो अडखळला होता आणि मागं ऑटोचा हॉर्न आला होता, ते त्याला आठवत होतं. अडखळणं तिथंच होतं. हॉर्नही तिथंच होता. आवाज जीवनचा होता.

ती म्हैस जीवन गेल्यावर वर्षानं हरवली होती.

दुसरी उघडली, तिसरी उघडली… सगळीकडं जीवन.

दारात अनुपमा आली, हातात पुरणपोळीचं ताट. तिनं हे बघू नये म्हणून शेखर घाईनं बोलला, आणि ह्या वेळी आवाज निघाला.

"दार लोटून घे."

तिच्या हातातलं ताट कलंडलं आणि वाटीतलं तूप सांडलं. तिनं दार लोटलं नाही, त्याच्याकडं बघत राहिली. त्यालाही ऐकू आलं होतं, स्वतःच्या तोंडातून कोण बोललं ते.

"अहो…" अनुपमा म्हणाली. मग, "अजून एकडाव बोला ना…"

तिनं ताट टेबलावर ठेवलं. शेजारी बसली, खांदा टेकवून, इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती. रडत होती आणि हसतही होती. शेखरला हवं ते सगळं मिळालं होतं आणि त्यातलं तीळभरही त्याच्यासाठी नव्हतं. स्वतःच्या गळ्याचा त्याला असा मत्सर वाटला, की दोन्ही हातांनी आवळून टाकावा.

तेवढ्यात त्याची नजर स्क्रीनवर गेली. जीवनच्या कप्प्यात एक नवी फाईल होती. नाव नव्हतं. माईकची वायर निघालेली, तरी ती भरत होती, मिनिटामिनिटाला मोठी होत होती. त्यानं स्पीकर बंद करून हेडफोनचा एक कान लावला. लांबून, पत्र्याच्या बंद डब्यातून यावा तसा आवाज आला. त्याचा स्वतःचा.

"वहिनी… मी अठी, आत आहो… वहिनी…"

"कोण बोलून राह्यलं?" अनुपमानं विचारलं.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "कोणी नाही," जीवनचा आवाज म्हणाला.

अनुपमानं मान हलवली. दोन वर्षं तो हलवायचा तशीच, न पटता.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तो घरी जेवून दुकानात आला तेव्हा दार आतून लोटलेलं होतं. त्यानं हळूच ढकललं. अनुपमा हेडफोन लावून, डोळे मिटून बसली होती. गालावर ओघळ होते. ओठ हलत होते.

"हो, शेखरभाऊ," ती पुटपुटत होती. "ऐकून राह्यली ना मी… बोला."

त्याची चाहूल लागताच तिनं हेडफोन काढला आणि पदरानं तोंड पुसलं. दारातला माणूस नखशिखांत जळत होता, आणि कुणावर जळतो आहे हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"कोण बोलून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही, अहो."

तिच्या पाठीमागं स्क्रीनवर सिंक चालू होतं. त्यानं लावलं नव्हतं, आणि तिला ते लावता येत नव्हतं. सोळा टक्के झाले होते. कुठल्या डिस्कवरचं कुठलीवर उतरत होतं, ते दाखवत नव्हतं.